सव्वासहा फुटी माणसाची हार्डटेल: आधी टेप, मग दुकान

दर दोन-तीन महिन्यांनी एखादा उंच माणूस आपली नवी कोरी सायकल मला दाखवायला घेऊन येतो. सीट नळीतून पार वर काढलेली असते, हँडल तिच्या पुष्कळ खाली असतं आणि तक्रारी ठरलेल्या असतात. अर्ध्या तासात तळहात बधिर होतात, मान आखडते, चढावर पुढचं चाक उचलतं. सायकल घेताना काय बघितलं म्हणून विचारलं, की उत्तर येतं, "दुकानदार म्हणाला, सीट वर करून देतो, काम होईल."

काम होत नाही. सीट वर केली की पाय मोकळे होतात, सायकल मोठी होत नाही. हँडल जिथल्या तिथे राहतं आणि सीट मात्र वर जाता जाता मागेही सरकते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती आहेत. क्रम मोडू नका, कारण प्रत्येक पायरीचा आकडा पुढच्या पायरीत लागतो.

हार्डटेल म्हणजे पुढे सस्पेन्शन आणि मागे सरळ घट्ट फ्रेम असलेली एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक. तुमची उंची ६ फूट १ इंचाच्या वर असेल तर हे तुमच्यासाठी आहे.

## पायरी १: घरी, भिंतीपाशी मापं घ्या

लागणारं सामान: लोखंडी टेप, पेन्सिल, वजनकाटा आणि सुताराचा गुण्या. गुण्या नसेल तर पुठ्ठ्याच्या बांधणीचं जाड पुस्तक चालतं. मदतीला कुणीतरी हवंच. स्वतः वाकून घेतलेलं माप हमखास चुकतं.

पायाचं आतलं माप. सगळ्यात महत्त्वाचं हेच. अनवाणी, भिंतीला पाठ टेकवून उभे राहा, दोन पावलांत वीतभर अंतर ठेवा. पुस्तकाची एक कड भिंतीला टेकवून ते दोन्ही पायांच्या मधून वर सरकवा आणि सीटवर बसल्यावर जितका दाब येतो तितकं दाबा. लाजून हलकंच टेकवलं तर दोन सेंमीचा फरक पडतो आणि तो थेट सीटच्या उंचीत उतरतो. पुस्तकाच्या वरच्या कडेला भिंतीवर खूण करा, जमिनीपासून मोजा. असं तीनदा करा. तीन आकड्यांत एक सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा.

धडाचं माप. त्याच जागी उभं राहून जमिनीपासून गळ्याच्या खळगीपर्यंतचं अंतर मोजा आणि त्यातून पायाचं माप वजा करा.

हातांचा पल्ला. दोन्ही हात आडवे पसरा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा.

वजन. खरं वजन. पाठीवरची बॅग आणि पाणी धरून.

इशारा: शिंप्याने घेतलेलं पँटचं माप इथे चालत नाही. ते कमीच भरतं. त्या आकड्यावर सायकल घेतलेल्या दोघांना मी ओळखतो आणि दोघांच्याही सायकली आता त्यांचे धाकटे भाऊ चालवतात.

## पायरी २: तुम्ही कुठल्या प्रकारचे उंच आहात ते ठरवा

उंच माणसं सगळी सारखी नसतात. १९० सेंमी उंचीच्या दोघांपैकी एकाच्या पायाचं माप ९३ भरेल, दुसऱ्याचं ८६. दोघांना एकच सायकल चालणार नाही.

पायाचं माप भागिले उंची, असा हिशोब करा. माझा ढोबळ नियम असा:

- ०.४८ च्या वर: लांब पायांचे. तुमची अडचण सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) आणि हँडलची उंची. लांबलचक फ्रेमच्या मागे लागू नका.
- ०.४६ च्या खाली: लांब धडाचे. तुमची अडचण फ्रेमची लांबी. सीट सहज बसेल आणि तिथेच तुम्ही फसाल.
- मधले: दोन्ही बाजू सारख्याच बघा.

हातांचा पल्ला उंचीपेक्षा पाच सेंमीने जास्त असेल तर थोडी लांब फ्रेम सोसते. कमी असेल तर सोसत नाही.

आता सीटची उंची काढा. पायाचं माप गुणिले ०.८८३. म्हणजे ९० सेंमी पाय असेल तर ७९.५ सेंमी. क्रँक (पायडलचा दांडा) जिथे फ्रेममध्ये बसतो त्या आसाच्या, म्हणजे बीबीच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत सीटच्या नळीच्या रेषेत हे अंतर मोजायचं. खडकाळ वाटेवर चालवणारे सीट यापेक्षा सेंमी-दोन सेंमी खाली ठेवतात, पण खरेदीचा हिशोब पूर्ण उंचीवरच करा.

हे आकडे फोनमध्ये लिहून ठेवा: उंची, पाय, धड, पल्ला, वजन, सीटची उंची.

## पायरी ३: कागदावरच निम्म्या सायकली बाद करा

आपल्याकडे सायकलचं माप विचारलं की लोक चाकाचं माप सांगतात. "मी उंच आहे, मला २९ ची द्या." २९ इंच हे चाक आहे, फ्रेम नाही. ट्रेक कंपनीच्या मार्लिन मॉडेलमध्ये अगदी लहान मापांना २७.५ चं चाक येतं, पण मधल्या मापापासून वर सगळ्यांना २९ चंच असतं. म्हणजे साडेपाच फुटी माणसाच्या सायकललाही २९. उंच माणसाने २९ च घ्यावी हे खरं, मात्र त्यावरून माप ठरत नाही.

एल, एक्सएल या अक्षरांवरही विसंबू नका. एका कंपनीची एल दुसऱ्या कंपनीच्या एक्सएलएवढी निघते. १९ इंची, २१ इंची हे आकडे फक्त सीटच्या नळीची लांबी सांगतात. आताच्या सायकलींत ती नळी मुद्दाम आखूड ठेवतात, त्यामुळे त्यावरून फ्रेमच्या लांबीचा अंदाज येत नाही.

कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक मॉडेलखाली जॉमेट्रीचा, म्हणजे फ्रेमच्या मापांचा, तक्ता असतो. त्यातले पाच आकडे वाचा.

रीच. बीबीतून उभी रेषा काढली, तर तिच्यापासून हँडलखालच्या नळीच्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर. पायडलवर उभं राहून चालवताना सायकल किती लांब वाटेल ते यावरून कळतं. १८८ ते १९४ सेंमी उंचीला मी साधारण ४६५ ते ५०० मिमी धरतो. लांब पायांच्या माणसाने खालचा आकडा धरावा, लांब धडाच्या माणसाने वरचा.

स्टॅक. त्याच दोन बिंदूंमधलं उभं अंतर. उंच माणसाचा हा खरा आकडा आणि नेमका हाच कुणी बघत नाही. ६३५ मिमीच्या खाली असेल तर मी पुढचं पान उलटतो.

इफेक्टिव्ह टॉप ट्यूब. बसून चालवताना सीट आणि हँडल यांच्यात किती जागा मिळेल ते. सिंहगडाच्या चढावर तुम्ही बहुतेक वेळ बसूनच असणार, त्यामुळे हा आकडा रीचइतकाच महत्त्वाचा. ६४० ते ६८० च्या आत बघा.

सीटच्या नळीची लांबी. पुढच्या पायरीत लागेल.

चेनस्टे. बीबीपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतचं अंतर. बऱ्याच कंपन्या सगळ्या मापांना ही लांबी एकच ठेवतात. मग छोट्या फ्रेमला जे मागचं अंग शोभतं तेच एक्सएलला येतं, आणि उंच माणसाचं वजन मागच्या आसाच्या जवळजवळ वर जाऊन बसतं. ४३० पेक्षा ४४० ते ४४५ बरं.

सीट मागे सरकते म्हणालो, त्याचा हिशोब इथे सांगतो. सीटची नळी जमिनीशी ७३ अंशांत असेल तर सीट दहा सेंमी वर काढल्यावर ती जवळपास तीन सेंमी मागे जाते. तक्त्यातली टॉप ट्यूब हँडलखालच्या नळीच्या माथ्याच्या पातळीवर मोजलेली असते, आणि तुमची सीट त्या पातळीच्या बरीच वर असते. चढावर चाक उचलण्याचं मूळ यात आहे. नळी जितकी उभी, म्हणजे ७४-७५ अंशांची, तितका हा त्रास कमी. तक्त्यात दोन अंश दिलेले असतील तर इफेक्टिव्ह सोडून प्रत्यक्ष नळीचा अंश वाचा.

तपासा: तुमच्या यादीत आता तीन-चार मॉडेलच उरायला हवीत. ज्या कंपनीने तक्ताच दिलेला नाही, ती यादीतून काढा. सायकल वाईट असेल असं नाही, पण आंधळेपणाने माप ठरवायचं कशाला?

## पायरी ४: सीटपोस्टचा हिशोब, कागद-पेन्सिल घेऊन

इथे मी स्वतः आपटलो आहे, म्हणून जरा थांबतो. माझी उंची सव्वासहा फूट. पहिली हार्डटेल घेतली तेव्हा एक्सएल यायला दीड महिना लागणार होता आणि मला तितका धीर नव्हता. एल घेतली. सीटची उंची जुळेना, म्हणून दुकानातल्या पोराने सीटपोस्ट त्यावरच्या किमान खोलीच्या खुणेच्या दोन सेंमी वर ओढला. मी बघत होतो. चार महिन्यांनी पुण्याच्या वेताळ टेकडीवरून मुरमाच्या उतारावर येताना खालून 'कट्' असा आवाज आला. वाटलं, खडा उडाला. घरी येऊन पुसताना दिसलं, सीटची नळी जिथे आडव्या नळीला मिळते तिथल्या जोडावर केसाएवढी काळी रेघ. नख फिरवलं तर अडकत होतं. वॉरंटी मिळाली नाही, आणि तेही बरोबरच. खुणेच्या वर काढलेल्या सीटपोस्टची हमी कोण देईल?

तर हिशोब असा. उदाहरण ९० सेंमी पायाचं.

१. सीटची उंची ७९.५ सेंमी.
२. त्यातून सीटच्या नळीची लांबी वजा करा. एक्सएलची नळी ४८ सेंमी धरू. उरले ३१.५.
३. त्यातून सीटची स्वतःची जाडी, म्हणजे खालच्या सळ्यांपासून माथ्यापर्यंतचं अंतर, वजा करा. साधारण ५ सेंमी. उरले २६.५. एवढा सीटपोस्ट नळीबाहेर दिसणार.
४. आत राहायला हवा तो भाग मिळवा. किमान १० सेंमी धरा. झाले ३६.५.

म्हणजे ३५० मिमीचा सीटपोस्ट पुरणार नाही, ४०० चा पुरेल. बऱ्याच स्वस्त सायकलींवर ३५० चाच येतो. तो बदलता येतो आणि खर्चही फार नाही.

आता हाच हिशोब एल फ्रेमवर करा, जिची नळी ४३ सेंमी आहे. बाहेर दिसणार ३१.५ आणि आत १० धरून ४१.५. इथे ४०० चाही पुरत नाही. कुणी म्हणेल, ४५० चा मिळतो की. मिळतो. त्याने नळी वाचेल, पण रीच आणि स्टॅक आहे तेवढेच राहतील. लांब सीटपोस्ट मागावा लागणं ही फ्रेम लहान असल्याची पहिली खूण समजा.

इशारा: सीटपोस्टवर किमान खोलीची रेघ कोरलेली असते. ती बाहेर दिसता कामा नये, एवढं पुरेसं नाही. काही फ्रेममध्ये सीटची नळी आडव्या नळीच्या वर पाच-सात सेंमी निघालेली असते. तिथे सीटपोस्टचं खालचं टोक त्या जोडाच्या खाली पोचायलाच हवं.

नवा सीटपोस्ट घेताना जाडी बघा: २७.२, ३०.९, ३१.६ मिमी अशी मापं असतात आणि ती पोस्टच्या खालच्या भागावर छापलेली असतात. ३०.९ चा पोस्ट ३१.६ च्या नळीत "बसतो की" म्हणून कुणी खपवत असेल तर सायकल घेऊन तिथून निघा.

## पायरी ५: फोर्क, चाकं, ब्रेक

उंच माणूस सडपातळ असला तरी बऱ्याचदा ८५ किलोच्या आसपास जातो. स्वस्त हार्डटेलचे सुटे भाग त्याहून हलका माणूस डोळ्यांसमोर ठेवून निवडलेले असतात.

फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा सस्पेन्शनचा भाग. दोन जाती: लोखंडी स्प्रिंगवाले आणि हवेचे. सनटूरचे एक्ससीटी, एक्ससीएम हे स्प्रिंगवाले. रॉकशॉक्सचा ज्युडी हवेचा. स्प्रिंगवाल्यावर एक गोल खुंटी असते आणि ती फिरवली की फोर्क कडक होतो असा समज आहे. तिने स्प्रिंग फक्त आधीच थोडी दाबली जाते, जाड होत नाही. ९५ किलोच्या माणसाखाली तो फोर्क प्रत्येक खड्ड्यात तळाला आपटणारच. हवेच्या फोर्कमध्ये वजनाप्रमाणे हवा भरता येते. वजन ८५ च्या वर असेल आणि बजेट ताणता येत असेल, तर गिअरवरचे पैसे वाचवून इथे घाला. दहा गिअर कमी चालतील.

मागचा हब, म्हणजे चाकाच्या मधला आसाभोवतीचा भाग. याची चौकशी सहसा कुणी करत नाही. सात-आठ गिअरच्या स्वस्त सायकलींत मागचे दातेरी चाकांचे संच बऱ्याचदा हबवर आटे पाडून बसवलेले असतात. त्याला फ्रीव्हील म्हणतात. त्यात उजवीकडची बेअरिंग आतल्या बाजूला राहते, आसाचा लांब तुकडा आधाराविना उरतो आणि वजनदार माणसाखाली तो वाकतो, कधी तुटतो. दुसरी जात कॅसेट, म्हणजे आट्यांऐवजी हबवर सरकवून बसवलेला संच. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग बाहेरच्या टोकाशी असते. ओळखायची युक्ती सोपी आहे. संचाच्या मध्यभागी पाना लावायच्या खाचा दिसतात. चाक धरून दाते उलटे फिरवा. खाचा दात्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, त्या जागीच राहिल्या तर फ्रीव्हील. फ्रीव्हील निघाली तर ती सायकल सोडा.

आरे. मागच्या चाकाला ३२ हवेत. मोजायला अर्धा मिनिट लागतो.

ब्रेक. हायड्रॉलिक डिस्क. पुढची तबकडी १८० मिमीची असेल तर उत्तम. १६० ची असेल, तर फोर्कला १८० चालते का ते विचारून ठेवा.

वजनमर्यादा. सायकलबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलेली असते. तो आकडा फक्त तुमचा की सायकल आणि सामान धरून, हे नीट वाचा.

## पायरी ६: दुकानात

आधी फोन करा आणि यादीतलं मॉडेल तुमच्या मापात प्रत्यक्ष उभं आहे का, एवढंच विचारा. "या, बघू" म्हणाले तर नाही आहे असं समजा. आपल्याकडे दुकानदार एस, एम आणि एल ठेवतो, कारण तेच खपतात. एक्सएल मागवावी लागते. थांबा. दीड महिना न थांबण्याची किंमत काय असते ते वर सांगितलं आहे.

बरोबर टेप, घट्ट तळव्याचे बूट आणि एक मित्र न्या. मग या क्रमाने:

१. टायरमध्ये हवा. दुकानातल्या सायकलीत हवा अशीतशीच असते. ट्यूबवाल्या जाड टायरला तुमच्या वजनाला ३० ते ३५ पीएसआय भरायला सांगा. टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे.

२. सीटची उंची. टेपने, पायरी २ च्या आकड्यावर. सीट पूर्ण सपाट करा. मग टाच पायडलवर ठेवून पाय सगळ्यात खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. मित्राला मागे उभं करा. पायडल मारताना तुमची कंबर डावी-उजवी डोलत असेल तर सीट सेंमीभर खाली.

३. सीट पुढे-मागे. दोन्ही पायडल आडव्या रेषेत ठेवा. पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडा, किल्लीला दोरा बांधला तरी चालतो. तो पायडलच्या आसावर किंवा थोडा मागे पडावा. उंच माणसाचा तो बराच मागे पडतो, मग सीट सळ्यांवर पुढे सरकवा. पुढे सरकवूनही जमत नसेल तर या सायकलची सीटची नळी तुमच्यासाठी फार कललेली आहे.

इशारा: हँडल दूर वाटतं म्हणून सीट पुढे, जवळ वाटतं म्हणून सीट मागे, असं कधीच करू नका. सीट गुडघ्यासाठी, स्टेम (हँडल फोर्कच्या नळीला जोडणारा तुकडा) हातांसाठी.

४. फोर्क किती बसतो. फोर्कच्या चकचकीत दांड्यावर रबरी कडं असतं, नसेल तर प्लास्टिकची टाय बांधा. भिंतीला हात टेकून पायडलवर उभे राहा आणि हळूच उतरा. १०० मिमीच्या फोर्कमध्ये कडं २० ते २५ मिमी सरकलेलं असावं. ३५ सरकलं आणि फोर्क स्प्रिंगचा असेल, तर तो तुमचा नाही.

५. चालवा, वीस मिनिटं. दुकानासमोरच्या गुळगुळीत गल्लीत दोन फेऱ्या मारून "मस्त आहे" म्हणणं हीच सगळ्यांची चूक. पार्किंगचा उतार शोधा, एक स्पीडब्रेकर शोधा, थोडी कच्ची जागा शोधा. आणि या चार गोष्टी करा:

- सगळ्यात हलक्या गिअरवर, बसूनच पार्किंगचा चढ चढा. पुढचं चाक भरकटतं का?
- पायडलवर उभं राहून, कोपर वाकवून स्पीडब्रेकर ओलांडा. अंगाला पुढे-मागे सरकायला जागा हवी. आपण सायकलच्या वर लटकतोय असं वाटलं तर रीच कमी आहे.
- बसून, पायडल मारत, इंग्रजी आठच्या आकारात छोटे वळसे घ्या. गुडघा हँडलला लागतो का?
- शेवटची पाच मिनिटं नुसतं सरळ चालवा. तळहातांकडे लक्ष द्या. मुंग्या सुरू झाल्या तर हँडल फार खाली आहे.

तपासा: उतरल्यावर एका हाताने सायकल धरून बाजूने बघा. सीटच्या माथ्यापेक्षा हँडल पाच-सहा सेंमी खाली असेल तर ठीक. दहाच्या पुढे गेलं असेल तर पुढची पायरी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

## पायरी ७: हँडल जुळवा, पण थोडंच

आधी खर्च नसलेले उपाय. स्टेमच्या वर बसवलेल्या सगळ्या चकत्या खाली घ्यायला सांगा, आणि उलटता येणारा स्टेम असेल तर वरच्या कोनात लावा. यात दोन-तीन सेंमी मिळतात. चकत्यांनी हँडल वर गेलं की ते मागेही येतं. फोर्कच्या नळीचा कल ६६ अंशांच्या आसपास असेल तर दर दहा मिमी उंचीमागे सुमारे चार मिमी लांबी जाते. म्हणून स्टॅकची कमतरता चकत्यांनी भरायला गेलात की रीच खर्ची पडतो. फुकट काही नाही.

त्यानंतर जास्त उठावाचं हँडल. ३५ ते ५० मिमी उठाव आणि ७८० मिमीच्या आसपास रुंदी रुंद खांद्यांना चांगली. घेण्याआधी ब्रेकच्या नळ्या आणि गिअरच्या केबली तेवढ्या लांब आहेत का बघा. हँडल पूर्ण एका बाजूला वळवल्यावर त्या ताणल्या जात असतील तर नव्या टाकाव्या लागतील आणि हायड्रॉलिक ब्रेकमधली हवा पुन्हा काढावी लागेल.

स्टेमची लांबी १० मिमीने बदलली तर हरकत नाही, २० ला हद्द समजा. आखूड फ्रेमवर १०० मिमीचा स्टेम लावून "लांब" केलेली सायकल बसून ठीक वाटते. उतारावर तिचं हँडल जड होतं आणि तुमचं वजन पुढच्या चाकावर लटकतं. दगड आडवा आला की माणूस हँडलवरून पुढे जातो.

इशारा: फोर्कची वर आलेली नळी कुणालाही कापू देऊ नका. "जास्तीची निघालीये, कापून टाकू, छान दिसेल," असं कुणीतरी म्हणतंच. कापलेली नळी परत वाढत नाही.

## पायरी ८: जुनी सायकल घेत असाल तर

एक्सएल जुन्या बाजारात क्वचित येते आणि आली की घाई होते. घाईतही तीन जागा बघाच. आधी सीटपोस्ट पूर्ण बाहेर काढा. निघत नसेल तर तो आत गंजून धरला आहे, सौदा सोडा. मग नळीचं तोंड आणि खालचा जोड ओल्या फडक्याने पुसून, टॉर्च तिरकी धरून बघा. रंगाला गेलेला तडा आणि धातूला गेलेला तडा यात फरक नखाने कळतो. शेवटी स्टेमखाली किती चकत्या आहेत ते बघा. एकही नसेल आणि फोर्कची नळी स्टेमच्या माथ्याशी संपत असेल, तर आधीच्या मालकाने ती कापली आहे. हँडल वर नेण्याची सोय गेली.

## पायरी ९: पहिले दीडशे किलोमीटर

नवीन चाकाचे आरे पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये सैल पडतात आणि वजनदार माणसाखाली लवकर पडतात. त्याच सुमारास चाक आउट काढायला न्या. चाक डोलायला लागण्याची वाट बघितली तर एकेक आरा तुटायला लागतो, तोही बहुधा मागचा.

स्टेमचे बोल्ट आणि क्रँक एकदा ॲलन कीने तपासा. सीटची उंची पुन्हा टेपने मोजा.

ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट असेल तर पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढा, नळी पुसा, पातळ ग्रीस लावून परत बसवा. काढण्याआधी नळीच्या तोंडाला लागून पोस्टवर इलेक्ट्रिशियनच्या काळ्या पट्टीचा एक वेढा मारून ठेवा, म्हणजे उंची पुन्हा शोधावी लागत नाही. ती पट्टी तशीच राहू द्या. एखाद्या दिवशी ती नळीच्या तोंडाशी चुरगळलेली दिसली, तर सीटपोस्ट खाली घसरतोय. क्लॅम्प नुसता जोर लावून आवळू नका, आधी पोस्ट काढून क्लॅम्पच्या आतलं ग्रीस पुसा.